कंट्रोल डिशमधल्या मेलेल्या पेशी: स्वादुपिंडदाहाच्या औषधाची अंतर्कर्णात चाचणी

पार्श्वभूमी

तीव्र स्वादुपिंडदाहात पहिली पडझड होते ती ॲसिनर पेशीत, म्हणजे पाचक विकरे बनवणाऱ्या पेशीत. मद्यापासून बनलेले मेदाम्लांचे एस्टर किंवा उलट वर चढलेली पित्ताम्ले पेशीत शिरली, की आंतर्द्रव्यजालिकेतला कॅल्शियमचा साठा रिता होतो. साठा रिता झाल्याची खबर स्टिम-१ हे प्रथिन पेशीपटलावरच्या ऑराय-१ मार्गिकेला देते. ती उघडते आणि बाहेरचे कॅल्शियम आत येऊ लागते. रोजच्या पचनात हे येणे साठा पुन्हा भरण्यापुरते असते. आजारात ते थांबतच नाही. तंतुकणिकांचा विद्युतभार ढासळतो, एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जा-इंधन, संपत जातो, ट्रिप्सिनोजेनचे ट्रिप्सिन पेशीच्या आतच होते आणि पेशी फुटते. म्हणून ऑराय मार्गिका बंद करणारी संयुगे स्वादुपिंडदाहावरचे औषध म्हणून तपासली जात आहेत.

या प्रकरणातला संशोधन गट अनेक वर्षे ॲसिनर पेशींवरच काम करणारा. त्यांच्या हातातल्या अवरोधकाने (इथे त्याला ‘अ’ म्हणू) उंदराच्या पेशी पामिटोलेइक आम्लाच्या एथिल एस्टरपासून चांगल्या वाचवल्या होत्या. पुढची पायरी सुरक्षिततेची होती आणि तिथे अंतर्कर्णाचा प्रश्न आला. त्याला कारण होते. कॉक्लियातल्या, म्हणजे अंतर्कर्णातल्या शंखाकृती श्रवण-अवयवातल्या, आधारपेशी एटीपी सोडतात, शेजारच्या पेशीवरचे ग्राही ते ओळखतात, आयपी-३ या निरोप्या रेणूच्या इशाऱ्याने साठ्यातले कॅल्शियम बाहेर पडते आणि कनेक्सिन-२६ व कनेक्सिन-३० या प्रथिनांच्या जोडांमधून ही लाट पेशीमागून पेशीत सरकते. ऐकू येऊ लागण्याआधीच्या वयात या लाटांचा श्रवणमार्गाच्या घडणीशी संबंध आहे आणि आवाज टिपणाऱ्या केशपेशीला इजा झाली की तिच्याभोवतीही त्या उठतात. साठा पुन्हा भरण्याची वाट अडवली तर लाटांचे काय होईल, हे विचारणे रास्तच होते.

दोन अवयवांचे नाते तसे जुने आहे. डब्ल्यूएफएस-१ जनुकातल्या बिघाडाने होणाऱ्या वुल्फ्राम सिंड्रोममध्ये मधुमेह आणि बहिरेपण दोन्ही असतात. तंतुकणिकेच्या डीएनएमधल्या ३२४३ व्या जागेवरचा ए-चा जी झाला, तर आईकडून येणारा मधुमेह व बहिरेपण दिसते. हे १९९२ पासून माहीत आहे. यूबीआर-१ जनुकाच्या जोहान्सन-ब्लिझार्ड सिंड्रोममध्ये तर पाचक विकरे बनवणारा स्वादुपिंडाचा भागच निकामी असतो आणि अनेकांना ऐकूही येत नाही. पण जनुकांचे नाते असले म्हणून एका ऊतीची प्रयोगपद्धती दुसऱ्या ऊतीला जशीच्या तशी लागू होत नाही. या प्रकरणात वडाची साल पिंपळाला लागली, आणि तीही एकदा नव्हे, दोनदा.

पहिली मांडणी

जन्मानंतर दुसऱ्या दिवसाच्या उंदराच्या पिल्लांचे कॉक्लिया काढून कॉर्टीचे अंग, म्हणजे केशपेशी व आधारपेशींची पट्टी, सुटे केले. स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस (बाजूच्या भिंतीतला रक्तवाहिन्यांचा पट्टा) आणि वरचा पातळ पडदा सोलून काढला आणि ऊती चिकट लेप दिलेल्या काचेवर सपाट बसवली. रात्रभर ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये स्थिरावू दिली. मग निम्म्या डिशमध्ये १० मायक्रोमोलर ‘अ’, उरलेल्यांत, म्हणजे कंट्रोलमध्ये, फक्त औषध विरघळवणारे द्रव, ०.१ टक्का डीएमएसओ. ४८ तासांनी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिरीकरण, केशपेशी ओळखायला मायोसिन-७ए चे प्रतिपिंड, त्यांचे केस रंगवायला फॅलॉयडिन आणि मोजणी.

माध्यम मात्र स्वादुपिंडाचेच होते. फ्रिजमध्ये ‘पूर्ण माध्यम’ अशी चिठ्ठी लावलेल्या बाटल्या तयार असत; त्यात सीरम, ग्लुटामिन आणि प्रतिजैविक आधीच मिसळलेले. ॲसिनर पेशी रात्रभर ठेवायच्या तर स्वादुपिंड आतड्याला लागून असल्यामुळे ग्राम-ऋण जिवाणूंचा संसर्ग हमखास होतो. म्हणून गटाने फार पूर्वीच पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनऐवजी जेंटामायसिन निवडले होते, मिलीलीटरला ५० मायक्रोग्रॅम. ते ३७ अंशांवर दिवसेंदिवस टिकते आणि ॲसिनर पेशींना त्याचा काही त्रास दिसत नाही. त्या कामापुरती निवड बिनचूक होती.

अडचण

निकाल हाती आला तो भलताच आनंदाचा. धोका तपासायला निघालेल्यांना फायदा दिसला: ‘अ’ दिलेल्या डिशमध्ये बाह्य केशपेशी कंट्रोलपेक्षा जास्त उरल्या होत्या. स्वादुपिंड आणि कान, दोन्ही वाचवणारा एकच रेणू. अनुदानाच्या अर्जात घालायला याहून चांगले वाक्य कुठे मिळणार? ‘साठ्याच्या वाटेने येणारे कॅल्शियम थोपवल्याने केशपेशी वाचतात’ असा मसुदाही तयार झाला. सुतावरून स्वर्ग गाठायला एवढे सूत पुरते.

त्याच वेळी दुसरा एक निकाल मात्र जुळत नव्हता. साठ्याच्या वाटेने कॅल्शियम किती येते हे मोजायची ॲसिनर पेशींतली नेहमीची रीत अशी: फ्युरा-२ हा कॅल्शियम दाखवणारा चमकता रंग भरायचा, बाहेरचे द्रावण कॅल्शियमविरहित करायचे (कॅल्शियम बांधून ठेवणारे ०.१ मिलीमोलर ईजीटीए घालून), थॅप्सिगार्जिनने साठा रिकामा करायचा, १० मिनिटांनी १.८ मिलीमोलर कॅल्शियम परत द्यायचे आणि आलेखाची चढण मोजायची. कॉक्लियात हेच केले तेव्हा थॅप्सिगार्जिन घालायच्या आधीच आधारपेशींत लाटांचा धुमाकूळ सुरू झाला आणि कॅल्शियम परत दिल्यावरची चढण प्रत्येक डिशमध्ये वेगळी आली. ‘ऊती नाजूक आहे’ म्हणून हा निकाल बाजूला पडला.

सावध केले ते मोजणीच्या तक्त्याने. पहिल्या तक्त्यात प्रत्येक डिशची संपूर्ण लांबीची सरासरी होती. कानावर काम करणाऱ्या सहकारी गटाने तळ, मध्य आणि शिखर अशा तीन भागांत, दर १०० मायक्रोमीटरला किती पेशी, अशी मोजणी मागितली. त्यांची ती रोजची सवय आहे. तशी विभागणी केल्यावर कंट्रोल डिशमध्ये तळाकडच्या बाह्य केशपेशींच्या तिन्ही रांगा विरळ दिसल्या, मध्यात तुरळक जागा रिकाम्या आणि शिखर जवळपास शाबूत. आतील केशपेशींची एकेरी रांग बहुतेक धड होती.

आधी तळ, मग शिखर. आधी बाह्य, मग आतील. या क्रमाने केशपेशी मरताना दिसल्या, की कानाच्या प्रयोगशाळेत पहिला संशय जातो ॲमिनोग्लायकोसाइड या प्रतिजैविकांच्या कुळावर. जेंटामायसिन त्याच कुळातले. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि लवकरच क्षयाच्या रुग्णांत तोल जाणे व ऐकू कमी येणे दिसू लागले, तेव्हापासून या कुळाची ही खोड माहीत आहे. ही औषधे केशपेशीत शिरतात ती मुख्यतः तिच्या शेंड्यावरच्या स्टीरिओसिलियांतल्या (केसांसारख्या तंतूंतल्या), आवाजाच्या ओढीने उघडणाऱ्या यांत्रिक मार्गिकेतून. ही मार्गिका तळाकडे आधी परिपक्व होते, शिवाय तळाच्या पेशी मुळातच या विषाला लवकर बळी पडतात. प्रौढ सस्तन प्राण्यांच्या कॉक्लियात मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही.

मिलीलीटरला ५० मायक्रोग्रॅम म्हणजे साधारण १०० मायक्रोमोलर. विभागून दिलेल्या मात्रेत रुग्णाच्या रक्तातली कमाल पातळी ५ ते १० मायक्रोग्रॅमच्या आसपास ठेवतात आणि तीही उतरत जाते. डिशमध्ये पाचपट-दहापट पातळी अखंड ४८ तास होती, वर आधीची रात्र.

म्हणजे कंट्रोल हा कंट्रोल नव्हताच; तो विषाचा प्रयोग होता. ‘अ’ने पेशी वाचवल्या हे खरे असेलही, पण कशापासून आणि कोणत्या वाटेने, हे प्रश्न उघडेच राहिले.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सर्वांत स्वस्त: आहे तोच निकाल ‘जेंटामायसिनपासून संरक्षण’ या नव्या नावाने पुढे न्यायचा. आकडे तेच, शीर्षक वेगळे. हा पर्याय चर्चेत बराच वेळ टिकला, कारण तो अप्रामाणिक नव्हता. डिशमध्ये जेंटामायसिन होतेच. पण जेंटामायसिनविना कंट्रोल नव्हता. ऊती काढताना लागलेला मार, काचेवर बसवताना आलेला ताण आणि औषधाचा परिणाम यांतला फरक त्या आकड्यांतून निघाला नसता.

दुसरा पर्याय होता प्रतिजैविक बदलून मूळ सुरक्षितता चाचणी पुन्हा करायची आणि ‘संरक्षण’ विसरून जायचे. मूळ प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळाले असते. पण तीव्र स्वादुपिंडदाहात संसर्ग झालेल्या काही रुग्णांना ॲमिनोग्लायकोसाइड दिली जातात, कधी सोबत फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषधही. ही जोडी कानाला एकेकट्यापेक्षा जास्त घातक ठरते. ‘अ’ ज्या रुग्णांना द्यायचे, त्यांच्याच रक्तात जेंटामायसिन किंवा अमिकासिन असू शकते. मग या दोघांचे कानात काय होते हे सोडून देणे परवडणारे नव्हते.

तिसरा पर्याय महाग आणि वेळखाऊ: चार गटांची नवी मांडणी (जेंटामायसिन आहे किंवा नाही, ‘अ’ आहे किंवा नाही) आणि त्यावर यंत्रणा वेगळी करणारी चाचणी. गटाने हाच घेतला. एका पिल्लाचे दोन कान, म्हणजे दोनच डिश. चारही गटांत प्रत्येक वेताची पिल्ले वाटली जातील आणि एकाच पिल्लाचे दोन कान वेगवेगळ्या गटांत जातील अशी आखणी करावी लागली. पिल्लांची संख्या प्राणी-नैतिकता समितीकडून वाढवून घ्यावी लागली. खर्चाची नव्हे, या मंजुरीचीच वाट जास्त पाहावी लागली.

काय केले

माध्यम ताजे, सीरमविरहित, मिलीलीटरला ५० मायक्रोग्रॅम ॲम्पिसिलिन घालून. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे केशपेशींना असा त्रास देत नाहीत. फक्त ॲम्पिसिलिनवर संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून डोके वेगळे केल्यावर ते ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायचे, पुढच्या प्रत्येक टप्प्याला अवजारे बदलायची आणि ढगाळ दिसलेली डिश प्रश्न न विचारता बाद करायची, असे नियम घातले.

चार गटांत ४८ तासांनी चित्र स्वच्छ आले. ॲम्पिसिलिनमधले कंट्रोल तळापासून शिखरापर्यंत भरलेले. ॲम्पिसिलिन अधिक ‘अ’ही तसेच, कंट्रोलपासून वेगळे ओळखू येऊ नये असे. जेंटामायसिनने तळ रिकामा केला आणि जेंटामायसिनसोबत ‘अ’ असेल तिथे तळाच्या बऱ्याच पेशी उरल्या. मोजणाऱ्याला डिशचा गट माहीत नव्हता.

आता खरा प्रश्न: ‘अ’ पेशीच्या आत शिरलेल्या विषाला निष्प्रभ करते, की विष आत येऊच देत नाही? यासाठी वेळेची चाचणी केली. १ मिलीमोलर जेंटामायसिन फक्त एक तास द्यायचे, तीनदा धुवायचे, २४ तासांनी मोजायचे. एका गटाला ‘अ’ त्या एका तासात द्यायचे आणि जेंटामायसिनबरोबरच धुऊन काढायचे; दुसऱ्याला धुतल्यानंतर द्यायचे आणि पुढचे २४ तास ठेवायचे. संरक्षण आतून होत असेल तर दुसऱ्या गटातही पेशी वाचायला हव्यात, कारण शिरलेले जेंटामायसिन पेशीत बराच काळ राहते. वाचल्या त्या फक्त पहिल्या गटात.

जोडीला एफएम१-४३ हा रंग वापरला. ॲसिनर पेशींवर काम करणाऱ्यांना तो ओळखीचा असतो. तिथे तो पटलात बसतो आणि विकरांच्या कणिका पटलाला येऊन मिळाल्या की उजळतो. केशपेशीत त्याचा अर्थ निराळा. इथे तो उघड्या यांत्रिक मार्गिकेतून काही सेकंदांत आत शिरतो, म्हणून मार्गिका चालू आहे का हे बघायला वापरतात. ३ मायक्रोमोलर, अर्धा मिनिट, लगेच धुणे, लगेच चित्र. १० मायक्रोमोलर ‘अ’ असताना बाह्य केशपेशी फिक्या राहिल्या. ‘अ’ धुऊन टाकल्यावर त्याच डिशमध्ये उजळल्या. तुलनेसाठी ठेवलेल्या डी-ट्युबोक्युरारिनने, जे या मार्गिकेचे माहीत असलेले अवरोधक आहे, तसेच चित्र दिले.

उत्तर असे निघाले: या मात्रेत ‘अ’ ऑरायव्यतिरिक्त केशपेशीची यांत्रिक मार्गिकाही अडवते. जेंटामायसिन दारातच थांबते. साठ्याच्या कॅल्शियमचा या संरक्षणाशी संबंध असल्याचा पुरावा उरला नाही. १ मायक्रोमोलर मात्रेला एफएम१-४३ नेहमीसारखे शिरले आणि संरक्षणही दिसले नाही. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि एकत्रच गेल्या.

कॅल्शियमविरहित द्रावणाचा गुंता

बाजूला टाकलेला दुसरा निकाल आता पुन्हा उघडला. बाहेरचे कॅल्शियम काढले की कॉक्लियात दोन गोष्टी घडतात आणि ॲसिनर पेशींत त्यांचा मागमूस नसतो. आधारपेशींच्या पटलावरचे कनेक्सिनचे अर्धे जोड, जे एरवी मिटलेले असतात, ते उघडतात. त्यातून एटीपी बाहेर पडते आणि लाटा आपोआप उठतात. थॅप्सिगार्जिनच्या आधीचा धुमाकूळ हाच. दुसरे म्हणजे स्टीरिओसिलियांच्या टोकांना जोडणारे टिप-लिंक कॅडहेरिन-२३ आणि प्रोटोकॅडहेरिन-१५ यांचे असतात आणि त्यांना ताठ राहायला कॅल्शियम लागते. ईजीटीएने ते तुटले की यांत्रिक मार्गिका ओढली जात नाही. पुन्हा जुळायला बरेच तास लागतात. म्हणजे त्या रीतीने तपासलेल्या डिशमध्ये नंतर एफएम१-४३ फिके दिसले असते तर दोष ‘अ’च्या माथी आला असता.

पर्याय म्हणून मँगनीजची पद्धत घेतली. मँगनीज उघड्या मार्गिकांतून आत येते आणि फ्युरा-२ ची चमक विझवते. ३६० नॅनोमीटरच्या आसपास उत्तेजित केल्यास कॅल्शियमच्या चढउताराचा त्या चमकेवर परिणाम होत नाही. त्यामुळे बाहेरचे कॅल्शियम तसेच ठेवून वाट किती उघडी आहे हे कळते. पण मँगनीज एटीपीने उघडणाऱ्या पी-२-एक्स ग्राहींतूनही शिरते. म्हणून द्रावणात अपायरेज घालून बाहेरचे एटीपी नष्ट केले आणि मोजणी फक्त आधारपेशींपुरती ठेवली, कारण केशपेशीत ते यांत्रिक मार्गिकेतूनही येणार. फ्युरा-२ पेशीतून बाहेर टाकले जाऊ नये म्हणून कोणी प्रोबेनेसिड सुचवले होते; ते नाकारले, कारण प्रोबेनेसिड एटीपी बाहेर सोडणाऱ्या पॅनेक्सिन मार्गिकाही बंद करते आणि एटीपीच्या प्रयोगात आणखी एक अज्ञात आले असते.

निकाल

‘अ’ने आधारपेशींत साठ्याच्या वाटेने येणारे मँगनीज मंदावले. एटीपीचा एक झटका दिल्यावर उठणारी पहिली लाट जवळपास तशीच राहिली, कारण ती साठ्यात आधीच असलेल्या कॅल्शियमवर चालते. लागोपाठ झटके दिले की पुढच्या लाटा लवकर विरत गेल्या. केशपेशी मेल्या नाहीत. मूळ प्रश्नाला मिळालेले उत्तर एवढेच: ४८ तासांत पेशी मरत नाहीत, पण लाटांची पुनरावृत्ती कमजोर होते, त्याने ऐकण्यावर काही परिणाम होतो का, हे डिश सांगू शकत नाही.

‘दोन्ही अवयव वाचवणारा रेणू’ हा मसुदा मागे घेतला गेला. त्याऐवजी ‘अ’च्या ऑरायबाहेरच्या परिणामांची नोंद झाली आणि स्वादुपिंडात पुरेशी, पण यांत्रिक मार्गिकेला न लागणारी मात्रा शोधण्याचे काम सुरू झाले.

वेगळे काय करता आले असते

बाटलीवर ‘पूर्ण माध्यम’ न लिहिता घटक लिहिले असते तर बहुधा सगळेच टळले असते. नोंदवहीत मात्रा, तारीख, सीरमची तुकडी होती. प्रतिजैविकाचे नाव नव्हते, कारण गटात ते सर्वांना ‘माहीत’ होते. नव्या ऊतीवर पहिला प्रयोग करण्याआधी माध्यमातला प्रत्येक घटक त्या ऊतीला काय करतो हे दोन्ही गटांनी समोरासमोर बसून तपासणे हे तासाभराचे काम आहे. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनही इथे चालत नाही. नेहमीच्या मात्रेत त्यातले स्ट्रेप्टोमायसिन मिलीलीटरला १०० मायक्रोग्रॅम असते आणि डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिन तर यांत्रिक मार्गिका अडवणारे म्हणून चांगलेच परिचित आहे.

उपचार न केलेली, काढल्याबरोबर स्थिर केलेली डिश पहिल्या दिवसापासून ठेवायला हवी होती. औषधाची तुलना कंट्रोलशी होते. कंट्रोलची तुलना कशाशी, हे ठरलेलेच नव्हते. ती एक डिश असती तर कंट्रोलचा रिकामा तळ पहिल्याच आठवड्यात लक्षात आला असता.

सरासरीचा मोह आवरायला हवा होता. ॲसिनर पेशींच्या पुंजक्यात जागेला फारसा अर्थ नसतो, त्यामुळे एका डिशचा एक आकडा ही सवय तिथे निभते. कॉक्लियात जागा म्हणजे स्वराची पट्टी. तळाला उंच स्वर, शिखराला खालचे.

प्राण्यांवरच्या पुढच्या टप्प्यात तिसरी सवय आड येणार होती, ती मात्र वेळीच अडवली. स्वादुपिंडाच्या कामात सर्रास वापरला जाणारा सी५७बीएल/६ हा उंदीर कॅडहेरिन-२३ च्या जनुकातला एक दोषी प्रकार घेऊनच जन्मतो आणि वयाच्या काही महिन्यांतच उंच स्वर ऐकेनासा होतो. त्या उंदरावर दीर्घ मात्रेचा अभ्यास केला असता तर वयाचा बहिरेपणा औषधाच्या नावावर जमा झाला असता. म्हणून सीबीए जातीचे उंदीर घेतले. मात्रेच्या आधी आणि नंतर ८, १६ आणि ३२ किलोहर्ट्झला श्रवण मस्तिष्क-स्कंध प्रतिसाद (आवाजाला मेंदूच्या देठाने दिलेला विद्युत प्रतिसाद), सोबत बाह्य केशपेशींसाठी ध्वनी-उत्सर्जन चाचणी (कान स्वतः सोडतो तो आवाज मोजणारी), अशी आखणी आहे.

एक प्रश्न अजून बाकी आहे आणि तो तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे: ‘अ’ रक्तातून अंतर्कर्णात पोचते का, आणि किती? उंदराच्या कॉक्लियातला परिलसिका द्रव मायक्रोलीटरच्या हिशेबात भरतो. तळाच्या वेटोळ्यातून नमुना ओढला की कॉक्लियाच्या जलनलिकेतून मेंदूभोवतीचा द्रव मागोमाग येतो आणि मोजलेली मात्रा खऱ्याहून कमी दिसते. म्हणून नमुना शिखराकडून, अगदी सावकाश आणि लागोपाठच्या बारीक थेंबांत घ्यायचा. प्रत्येक थेंब वेगळा मोजायचा. पहिल्या थेंबातली मात्रा यांत्रिक मार्गिका अडवणाऱ्या पातळीच्या किती खाली आहे, यावर पुढची मात्रा ठरणार आहे.